डहाणू लोकलमध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आमच्या घरात कधीच नव्हतं. खरं तर पुस्तक आमच्याच मुलखाचं. डहाणू आणि जुन्या उंबरगाव तालुक्यातल्या वारल्यांनी १९४५पासून दोन-अडीच वर्षं वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याची ही हकिगत, आणि ती त्या उठावाच्या पुढारी असलेल्या बाईंनीच लिहिलेली. १९७० साली पुस्तक आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या कपाटात कादंबऱ्या होत्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, ज्ञानेश्वरी होती. हे नव्हतं. मी ते पहिल्यांदा वाचलं ते मुंबईत, कॉलेजच्या ग्रंथालयातून आणून. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, “अर्धं खरं असेल.” कुठलं अर्धं, हे मी विचारलं नाही. माझे आजोबा एका जमीनदाराचे दिवाणजी होते.

तीस वर्षांनी ते पुन्हा वाचलं. या वेळी स्वतःची प्रत घेतली आणि वाचायची जागा म्हणजे डहाणू लोकल. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत आल्या तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो, आता मुंबईत नोकरी करून गावी राहता येईल म्हणून. ते खरंही झालं. मी अंधेरीला नोकरी करतो आणि गावी झोपायला येतो. दिवसाचे पाचेक तास गाडीत जातात. नोकरी दरवर्षी नव्या कराराची, वय एक्कावन्न, रक्तदाबाची गोळी सकाळी एक. फेब्रुवारी-मार्चमध्ये करार संपत आला की मला झोप लागत नाही. हे सगळं सांगायचं कारण, पुस्तक कुठल्या अवस्थेत वाचलं याला समीक्षेत किंमत असते असं मला वाटतं, आणि ती अवस्था लपवून केलेली समीक्षा मला आताशा पटत नाही.

पुस्तक पुन्हा उघडायला कारणही तसंच झालं. आमची सव्वादोन एकरांची चिकूची वाडी आहे. तिच्या एका कडेवरून एका प्रकल्पाचा रस्ता जाणार असल्याची नोटीस आली. नोटीस आजोबांच्या नावाने होती. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. सातबाऱ्यावर आता आठ नावं आहेत, त्यातली दोन परदेशात आणि एक आमच्याशी बोलत नाही. त्या रात्री मी फोनवर अधिसूचना, नकाशे, कुणीतरी पुढे पाठवलेल्या पीडीएफ असं काय काय वाचत पहाटेपर्यंत जागा होतो. आणि ‘जागा’ या शब्दाशी अडखळलो. मराठीत जागा म्हणजे झोपेतून उठलेला, आणि जागा म्हणजे भूखंडही. पुस्तकाचं नाव मी आयुष्यभर पहिल्या अर्थाने वाचलं होतं. त्या रात्री ते दुसऱ्या अर्थाने वाचलं गेलं: माणसाची जागा होते, गट नंबर होतो, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मोजलं जातं. गोदावरीबाईंच्या मनात हा अर्थ असण्याची काहीच शक्यता नाही. पण मग मला पुस्तकच पुन्हा वाचायचं होतं.

ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोदावरीबाई (१९०७–१९९६) पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, कायद्याच्या पदवीधर, आधी भारत सेवक समाजात आणि मग पती शामराव परुळेकरांबरोबर कम्युनिस्ट पक्षात. ७ जानेवारी १९४५ला टिटवाळ्याला महाराष्ट्राच्या किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगावकडचे काही वारली आले होते, त्यांत माह्या धांगडा. त्यांनी वेठ सांगितली: जमीनदार बोलावेल तेव्हा, सांगेल ते काम, मोबदल्याची बात नाही. लग्नगडी सांगितला: लग्नाला कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरचे गडी, आणि कर्ज कधी फिटतच नाही. २३ मे १९४५ला झरीला परिषद भरली. झरी आजच्या तलासरी तालुक्यात येतं. पाचेक हजार वारली जमले. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, असं तिथे ठरलं, आणि थोड्या आठवड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ मोडली. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले.

पुस्तकाची ताकद कशात आहे हे मला पहिल्या वाचनात कळलं नव्हतं. तेव्हा मी अत्याचारांची वर्णनं वाचली, हादरलो, आणि हादरण्यात एक समाधान असतं ते घेऊन पुस्तक परत केलं. आता दिसतं ते असं की बाई भीतीबद्दल लिहितायत, आणि भीतीचं त्यांचं निरीक्षण फार बारीक आहे. गुलामी कायद्याने टिकलेली नव्हती; वेठीला कायद्याचा आधार नव्हताच. ती धाकावर टिकली होती. आणि धाकाला नाव होतं, घर होतं, घरासमोर ओटा होता. कोण मारतो हे माहीत होतं. किती देतो, किती द्यायला हवं, हेही आकड्यात मांडता येत होतं. झरीच्या परिषदेने काय केलं, तर त्या धाकाचा पत्ता मोठ्याने वाचला आणि त्यासमोर दर लिहिला. बारा आणे, अडीच रुपये. बाईंच्या गद्यात विशेषणं कमी आणि हिशेब जास्त आहेत ते याचमुळे. मला वाटायचं ती रुक्षता आहे. ती त्यांची पद्धत आहे. भीती मोजता आली की निम्मी होते, हे त्यांना वकिलीतून कळलं असेल किंवा चळवळीतून, पण पानापानावर त्या तेच करतात.

दोषही आहेत, आणि ते सांगायला हवेत. पुस्तकात वारली बोलतात ते बहुतेक बाईंच्या मराठीतून. त्यांचे देव, भगत, लग्न लावणारी धवलेरी, तारपा, या जगात बाईंचं मन फार रमत नाही. त्यांना घाई आहे, आणि संघटनेला उपयोगी नसलेलं त्यांच्या हातून सुटतं. उत्तरार्धात संघटनेवरचा विश्वास इतका गडद होतो की सुरुवातीच्या भागातली शहरातून आलेली, चालून दमलेली, बुजलेली बाई दिसेनाशी होते. आणि मला जो माणूस शोधायचा होता, दिवाणजी, तो सावकाराच्या माणसांच्या गर्दीत कुठेतरी उभा आहे. त्याला आतून कुणी पाहिलेलं नाही. का पाहावं, हा प्रश्न योग्यच आहे. पण चोपडी कोण लिहीत होतं? अंगठा कुठे उमटवायचा हे बोट धरून कोण दाखवत होतं? जमीनदाराच्या हातात चाबूक असेल. दौत-टाक आजोबांच्या हातात होता. त्यांनी कुणाला मारलं नाही, असं आमच्या घरात अभिमानाने सांगतात. त्यांना मारायची गरज नव्हती.

त्याच १९४५ साली, झरीपासून फार लांब नसलेल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, आणि ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना त्यांचीच. मराठी मध्यमवर्गाने कोसबाड प्रेमाने स्वीकारलं. आमच्या कपाटात अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ होतं. दोन्ही कामं मोठी, दोन्हीकडे बाया अनवाणी माणसांत जाऊन राहिल्या. पण कुरणात शाळा भरते हे वाचताना दिवाणजीच्या घराला त्रास होत नाही. त्याच कुरणातल्या गवताचा दर काय, असं विचारलं की होतो. कपाटात कुठलं पुस्तक येतं आणि कुठलं येत नाही, यालाही समीक्षाच म्हणायला हवं, न लिहिलेली.

आता आजचं. डहाणू-तलासरीचा नकाशा समोर धरला तर उत्तर-दक्षिण रेघाच रेघा दिसतात: पश्चिम रेल्वे, मालगाड्यांचा वेगळा मार्ग, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, आणि बुलेट ट्रेन. बुलेट ट्रेनची महाराष्ट्रात चार स्थानकं आहेत: मुंबई, ठाणे, विरार, बोईसर. ती आमच्या दोन्ही तालुक्यांतून जाते आणि एकातही थांबत नाही. हे आजचंच नाही. तेव्हा इथलं गवत मुंबईच्या जनावरांना जायचं. स्वातंत्र्यानंतर सरकारने उलटं करून पाहिलं: मुंबईतले म्हशींचे गोठेच इकडे हलवायचे. त्यासाठी दापचरीला दुग्धप्रकल्प काढला, कुर्झे धरण बांधलं, आदिवासींच्या जमिनी घेतल्या. पुढे प्रकल्प रखडला, गोठे ओस पडले. जमिनी गेल्या त्या गेल्याच.

या सगळ्यात एक गोष्ट वेगळी होती. २० जून १९९१ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. १९९८ साली या प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नाही म्हटलं. धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत गेले. ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणाने बंदराला ना हरकत दिली. १९ जून २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, खर्च ७६,२२० कोटी, आणि ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. बाजू मांडणारे सांगतात की बंदर किनाऱ्यावर नाही, समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव टाकून होणार, गावं उठणार नाहीत, रोजगार येईल. त्यातला रोजगाराचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पाच तास लोकलमध्ये काढणाऱ्या माणसाने तो उडवू नये. पण मच्छीमार विचारतात की गाव जागेवर राहून समुद्र गेला तर आम्ही कुठे राहिलो, याला उत्तर हेक्टरमध्ये मिळत नाही. “एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द” ही घोषणा किनाऱ्यावर इतकी वर्षं ऐकू येते, की माझा पुतण्या ती बडबडगीतासारखी म्हणायला शिकला.

आमच्याकडे या सगळ्यासाठी सरकारी शब्द आहे ‘प्रकल्पबाधित’. बाधा आमच्याकडे भुताची होते. शब्द नकळत बरोबर निघालाय, कारण भुताला चेहरा नसतो. इथेच मला पुस्तकाशी भांडावंसं वाटलं. बाई, तुमच्या वेळी भीतीला ओटा होता. आमची भीती पोर्टलवरून येते, ओटीपीने उघडते, आणि कुणाला विचारावं तर समोरचा म्हणतो, वरून आलंय. वर कोण?

आणि वरूनच नाही, खालूनही. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत जमीन हादरायला लागली. एक मोठा भूकंप नाही, लहान लहान धक्के, महिनोन्‌महिने. १ फेब्रुवारी २०१९ला चारच्या वरचा धक्का बसला. लोक थंडीत अंगणात, तंबूत झोपले. मुलांचे वर्ग उघड्यावर भरले. यंत्रं बसली, शास्त्रज्ञ आले, धक्क्यांच्या मालिकेला त्यांनी नाव दिलं. कधी थांबेल हे सांगता येत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. जमिनीच्या पोटात काय चाललंय याचा राग कुणावर काढायचा?

बिनचेहऱ्याच्या भीतीचं काय होतं, ते आम्ही १६ एप्रिल २०२०ला पाहिलं. टाळेबंदीचे दिवस, गावं बंद, आणि मुलं पळवणारे, किडनी काढणारे चोर रात्री फिरतायत अशी अफवा. गडचिंचले डहाणू तालुक्यातच. तिथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना पोलिसांच्या देखत मारून टाकलं. मारणारे त्यांना ओळखतही नव्हते. ‘जागा झालेला माणूस’ पंचाहत्तर वर्षांनी गावाच्या वेशीवर काठ्या घेऊन खराच जागा होता. जागा राहून त्याला काहीच दिसलं नाही. मी या घटनेचं समर्थन करत नाही, करता येणारही नाही. पण त्यानंतर टीव्हीवर आमच्या माणसांना जे रानटी ठरवलं गेलं, तेही मला सहन झालं नाही, कारण अफवेवर विश्वास ठेवायला रानात राहावं लागत नाही. आमच्या डब्यातल्या ग्रुपवर त्याच आठवड्यात तीच अफवा फिरत होती, आणि ती पुढे पाठवणाऱ्यांत मी होतो.

पुस्तकातही अफवा आहे. तलवाड्याला लोक जमले ते खोट्या निरोपावर: बाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. निरोप शत्रूने पसरवला होता. लोक प्रेमापोटी आले आणि गोळ्या खाल्ल्या. हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते जमीनदारांच्या कपटाचा पुरावा म्हणून लक्षात राहिलं होतं. आता वाटतं, झरीने धाक मोडला तरी निरोपाची खात्री कशी करायची हे कुणी शिकवलं नव्हतं. मला हा पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग वाटतो, आणि बाईंनी तो झाकला नाही, याचं मोल मोठं आहे.

पुस्तकाने निर्माण केलेलं काही टिकलं का? टिकलं. तलासरीत बाईंच्या आणि शामरावांच्या नावाचं महाविद्यालय आहे. डहाणू मतदारसंघ २०१९ला आणि २०२४लाही लाल बावट्याकडे राहिला. महाराष्ट्रात असं किती ठिकाणी घडतं? मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांत इकडची माणसं होती, आणि मुख्य मागणी होती ती २००६च्या वनहक्क कायद्याने कबूल केलेल्या जमिनीची. कायदा झाला, मागणी मान्य झाली, आणि तरी कागद हातात यायचा राहतो, हे आमच्याकडे रोजचं.

आमच्या वाडीत काम करणाऱ्या मावशी आहेत, साठीच्या. त्यांची आई आजोबांना ‘शेट’ म्हणायची. मावशी मला ‘भाऊ’ म्हणतात. मे महिन्यात त्या एक कागद घेऊन आल्या. त्यांच्या घरच्या वनहक्क दाव्याचा. एका कार्यालयातून आलेला, तीन परिच्छेदांचा, आणि तिसऱ्यात ‘तूर्त अमान्य’. “काय लिहिलंय भाऊ?” मी वाचून दाखवला. मग अपिलाची मुदत कुठे लिहिलीय ते बोट ठेवून दाखवलं, आणि बोट ठेवल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. हे बोट आमच्या घरात जुनं आहे.

मावशींनी विचारलं, “तुमचापण कागद आला ना?” सगळ्या गावाला माहीत होतं. मी म्हटलं, आला, आजोबांच्या नावाने. त्या हसल्या. म्हणाल्या, “आमचा आजा झरीला गेलेला. तुमचा आजा तेव्हा घरीच होता.” टोमणा होता की नुसती माहिती, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, रविवारी आमच्या पाड्यावर सगळे कागद घेऊन बसतायत, तुम्ही या, वाचायला कुणी पाहिजे.

मी जाणार नव्हतो. आमच्या वाडीचा प्रश्न आणि त्यांचा दावा यांत अंतर आहे. माझं काही गेलं तर मोबदला मिळेल, त्यांचं गेलं तर ते अतिक्रमण ठरेल. त्यांच्या दुःखात आपली नोटीस मिसळून घ्यायची, यात मला लबाडी वाटत होती, अजूनही वाटते. बाईंचं पुस्तक मला या लबाडीतून सोडवत नाही. पण ते एक करायला लावतं: कोण, किती, कशाच्या बदल्यात, हे एकत्र बसून मोठ्याने वाचणं. ऐंशी वर्षांपूर्वी त्याचं उत्तर ओट्यावरून मिळत होतं, आता मिळेलच असं नाही. प्रश्न मात्र तेच आहेत, आणि ते एकेकट्याने पहाटे फोनवर विचारायचे नाहीत, एवढं मला पुस्तकातून नक्की कळलं.

रविवारी गेलो. चौदा कागद निघाले. मी एकेक वाचत गेलो, शेवटी स्वतःचाही वाचला. एका म्हाताऱ्या बाबांनी हात वर करून विचारलं, “खाली कोणाचं नाव आहे?” मी चौदाही कागद उलटेपालटे करून पाहिले. प्रत्येकावर सही होती, शिक्का होता, हुद्दा होता. नाव दोनच कागदांवर होतं. ते आम्ही वहीत लिहून घेतलं.